कुत्रा चालेल, नाव काय तुमचं?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गृहसंकुलात एक नोटीस लागली. ठाणे खाडीच्या कडेला आमच्या इमारती आहेत. मधे छोटी बाग आणि खाडीलगत फिरायला एक पट्टा आहे. त्या दोन्ही ठिकाणी पाळीव कुत्र्यांना बंदी, असं नोटिशीत म्हटलं होतं. बंदी काही नवी गोष्ट नाही, अशा बंद्या रोज येतात. मला खटकलं ते कारण. संकुलात मुस्लिम रहिवासी मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन हा निर्णय घेतल्याचं लिहिलं होतं.

मी मुस्लिम रहिवासी आहे. माझ्याकडे शेरू नावाचा गावठी कुत्रा आहे. माझ्या भावना कोणी विचारल्या नव्हत्या.

कमिटीत कोण कशावर चिडलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन-तीन घरचे लोक आपल्या कुत्र्याची घाण उचलत नव्हते. लिफ्टवरून एकदा हमरीतुमरी झाली होती. हे खरं कारण. ते लिहिलं असतं तर घाण न उचलणाऱ्यांना दंड करावा लागला असता, म्हणजे शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागला असता. त्यापेक्षा आमचं नाव पुढे करणं सोपं. मुसलमानांना कुत्रा चालत नाही, हे सगळ्या जगाला माहीत असतंच.

आमच्या भावनांची इतकी काळजी एरवी दिसत नाही. कब्रस्तानला जागा मागा, मुलांच्या शाळेला मैदान मागा, नाल्यावर झाकण मागा, तेव्हा भावना कोणाला आठवत नाहीत. कुत्र्याच्या वेळी बरोबर आठवतात! आणि दुःखाची बाब अशी की, आपल्यातलेच कितीतरी लोक या नोटिशीवर खूश झाले. चला, एकदा तरी आपला मान राखला, असं वाटलं त्यांना. या मानात काय काय बांधून आलंय ते कोणी सोडून पाहिलं नाही.

म्हणून आधी घरातला हिशेब.

दर जुम्म्याला आपण सूरह कहफ वाचतो. त्यात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची गोष्ट आहे. उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही त्यात आहे. कुरआनने त्याला गोष्टीतून गाळलं नाही. उलट ते किती जण होते याची चर्चा येते, तिथे दर वेळी तोही मोजला जातो. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून विहिरीचं पाणी काढून पाजलं, म्हणून एका माणसाची बख्शिश झाली, ही हदीस तर मदरशातलं लहान पोरही सांगतं. दुसऱ्या रिवायतीत तेच काम एका बदनाम बाईने केलं होतं. तिचीही बख्शिश झाली. बुखारीत इब्ने उमर यांची रिवायत आहे की, रसूलुल्लाहच्या काळात कुत्रे मशिदीत ये-जा करत आणि त्यासाठी तिथे पाणीही शिंपडलं जात नसे. ही रिवायत मात्र आपल्या तकरिरीत सहसा ऐकू येत नाही.

दुसऱ्या बाजूच्या हदीसही आहेत. त्या लपवून मला वाद जिंकायचा नाही. ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही आहे. शिकार, गुरं किंवा शेतीची राखण याशिवाय कुत्रा पाळला तर सवाब घटतो, ही आहे. कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवा, त्यात एकदा मातीने, हीसुद्धा आहे. या सगळ्यांवर चारही इमामांच्या अनुयायांनी शेकडो वर्षं काथ्याकूट केला आणि ते एका मतावर आले नाहीत. मालिकी म्हणतात, जिवंत कुत्रा पाकच आहे, भांडं धुणं हा हुकूम म्हणून पाळायचा. हनफींच्या मते लाळ नापाक, अंग नाही. शाफई सगळ्यात कडक. त्यांच्याकडे कुत्रा अंगानेच नापाक. आणि आपण कोकणी मुसलमान शाफई आहोत. घाटावरचा महाराष्ट्र हनफी, किनारपट्टी शाफई. अरबस्तानशी असलेल्या समुद्री व्यापाराचा हा वारसा आहे. म्हणजे समुद्रकिनारी कुत्रा नेण्याचा प्रश्न ज्या मसलकात सगळ्यात अवघड, तोच मसलक नेमका समुद्रकिनारी वसलेला. अल्लाहची मर्जी!

पण कडक म्हणजे नेमकं काय? शाफई फिकहमध्येही कोरडा कुत्रा कोरड्या कपड्याला घासून गेला तर काही होत नाही. ओलावा असेल तर धुवायचं. सात वेळा, एकदा मातीने. बस. ही नमाजीने आपलं अंग, कपडे, भांडी कशी ठेवावीत याची तरतूद आहे. तिचा पत्ता माझ्या घरचा आहे. शेजारच्याने त्याचा कुत्रा कुठे फिरवावा, सरकारी बागेच्या फाटकावर कोणती पाटी लावावी, किनाऱ्यावर कोणी यावं, याबद्दल कोणताही इमाम काही बोललेला नाही. फरिश्त्यांची हदीस घराबद्दल आहे, पुळणीबद्दल नाही.

आणि कोकणातल्या मुसलमानाला कुत्रा परका कधी होता? माझ्या दादीच्या वाडीत कायम दोन कुत्रे असत. आंब्याच्या दिवसांत माकडं आणि रानडुकरं कोणी हाकलायची? कुत्रे पडवीच्या खाली राहत, वर येत नसत. त्यांची थाळी वेगळी. दादी पाच वक्तांची नमाजी, आणि कुत्र्यांची भाकरी तीच थापायची. तिच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर जा. तिथे दालदी मुसलमानांच्या होड्या लागतात तेव्हा बंदरावरचे कुत्रे आधी हजर असतात. कोणी त्यांना दगड मारत नाही, कोणी कुरवाळतही नाही. मासळीची घाण ते साफ करतात आणि आपल्या जागी झोपतात. ही शहाणी वागणूक घाईने पक्क्या इमारतीत राहायला आलेल्या पिढीने हरवली.

धार्मिक भावनांचाच विषय निघालाय तर आणखी एक. मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली ती 1832 साली. ब्रिटिशांच्या पोलिसांनी भटके कुत्रे मारायची मोहीम काढली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. ते रस्त्यावर उतरले, फोर्टमध्ये बाजार बंद पडला, इतर समाजांचे व्यापारीही त्यात आले. त्या वेळी धार्मिक भावना कुत्र्याला वाचवायला उभी राहिली होती. उस्मानी राजधानी इस्तंबूलमध्येही गल्लोगल्लीचे कुत्रे शतकानुशतकं लोकांबरोबर राहिले. 1910 मध्ये शहर आधुनिक करायचं म्हणून सरकारने हजारो कुत्रे पकडून मारमारा समुद्रातल्या एका उजाड बेटावर नेऊन टाकले. ते तिथे भुकेने आणि तहानेने मेले. गल्लीतला सामान्य मुसलमान याने हळहळला. युरोपसारखं दिसायची घाई झालेल्या साहेबांचं ते काम होतं. तेव्हा कुत्रा आणि मुसलमान हे जन्माचे वैरी, ही समजूत कोणी आमच्या गळ्यात मारू नये.

आता घराबाहेर.

शेरूला मोकळं पळायला जागा पाहिजे म्हणून गेली तीन वर्षं मी मुंबईपासून खाली दक्षिणेला सगळीकडे चौकशी करत आलो. बागांचं उत्तर सोपं आहे. पालिकेच्या बहुतेक उद्यानांच्या फाटकावरच पाटी असते. वांद्र्याला कार्टर रोडवर समुद्रालगत कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली एक छोटी बाग आहे. मुंबईत अशा जागा बोटांवर मोजाव्यात. वांद्र्यातल्या माणसाला ती पायी पाच मिनिटांवर आहे. मुंब्र्याच्या, भिवंडीच्या, गोवंडीच्या माणसाने कुत्रा घेऊन तिथे कसं जायचं? लोकलच्या गर्दीत? रिक्षावाला कुत्रा पाहिला की मीटर खाली पाडत नाही. भारतीय पशू कल्याण मंडळाने 2015 साली परिपत्रक काढून सोसायट्यांना सांगितलं आहे की पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. बागेतही बंदीऐवजी वेळा ठरवून द्याव्यात, असा त्यांचा सल्ला आहे. आमच्या कमिटीला मी ते छापून दिलं. ते फाइलला लागलं.

किनाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाटीच नसते. पाटी नाही म्हणजे मोकळीक, असं शहरातला माणूस समजतो. प्रत्यक्षात पाटी नसते तिथे परवानगी माणसागणिक बदलते. जुहूला संध्याकाळी गर्दीत कुत्रा न्यायचाच नाही, हे कबूल. अलिबागला जा. पुळणीवर घोडागाड्या धावतात, उंट फिरतात, चार चाकांच्या फटफट्या वाळू उडवत पोरांच्या अंगावरून जातात. हे सगळं चालतं, कारण त्यातून कोणाचा तरी धंदा होतो. पट्ट्याला बांधलेला एक कुत्रा मात्र अडवला जातो. तोही सगळ्यांचा नाही. मोठ्या गाडीतून लॅब्राडोर उतरला की त्याच्याबरोबर फोटो काढायला लोक जमतात. मी शेरूला घेऊन उतरलो तर पहिला प्रश्न, हा भटका आहे का? दुसरा, चावतो का? तिसरा प्रश्न मला असतो, आणि तो कुठून आलात इथपासून सुरू होतो.

किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, तारकर्ली. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर यातल्या बहुतेक किनाऱ्यांवर मैलभर माणूस दिसत नाही. कुत्र्याला यापेक्षा चांगली जागा जगात नसेल. ओहोटीला घट्ट झालेल्या ओल्या वाळूवर त्याला सोडलं की त्याच्या पायांत काय संचारतं ते बघत राहावं. दुपारी मात्र नेऊ नये, वाळूने पंजे भाजतात. प्यायचं पाणी बरोबर न्यावं, नाहीतर तहानेला तो खारं पाणी पितो आणि मग रात्रभर ओकतो. प्रश्न राहतो राहण्याच्या जागेचा.

गेल्या काही वर्षांत कोकणात ‘पेट-फ्रेंडली’ घरगुती राहण्याच्या जागांचं पीक आलंय. जाहिरातीत कुत्र्यांचे फोटो, कुत्र्यांसाठी वेगळं जेवण, पोहायला टाकी. मी अशाच एका ठिकाणी फोन केला. कुत्रा आहे, चालेल का? पलीकडचे गृहस्थ अगदी खूश झाले. कोणत्या जातीचा, किती वयाचा, काय खातो, सगळं विचारलं. माझ्या मराठीवरून त्यांना काही कळलं नसावं. खोली आहे म्हणाले, कोणती तारीख तेही पक्कं झालं. मग नोंदीसाठी नाव विचारलं. मी सांगितलं. जरा शांतता. मग ते म्हणाले, एक मिनिट हं, रजिस्टर बघून सांगतो. त्या रजिस्टरात सगळ्या खोल्या भरलेल्या निघाल्या.

मी त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही. एकाच जागेचं असतं तर लिहिलं असतं. शहरात भाड्याने घर शोधलेल्या कोणत्याही मुसलमानाला हे रजिस्टर ओळखीचं आहे. नवं इतकंच होतं की, या वेळी माझ्या कुत्र्याला जागा होती. संकुलात माझ्या नावाने कुत्रा अडवला, कोकणात कुत्रा पास झाला आणि माझं नाव अडलं. दोन्हीकडे कोण पाक आणि कोण नापाक हे तिसऱ्याच कोणीतरी ठरवलेलं.

रायगड जिल्ह्यात बसून हे लिहिताना महाड आठवणं भाग आहे. चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, कुत्री-मांजरं पीत. अस्पृश्यांना मात्र हात लावायची मनाई होती. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तळं सर्वांना खुलं केलं. पण ते कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, मार खावा लागला, आणि मागाहून सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती तेव्हा मंडपाला जागा देणारा गावात कोणी मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च 1937 उजाडला. माझ्या खोलीच्या किरकोळ प्रकरणाची त्या लढ्याशी बरोबरी करण्याइतका मी बेशरम नाही. पण सार्वजनिक जागेवर कोणाचा पाय पडावा हे सोवळ्या-ओवळ्याने ठरवायचं, आणि जनावराला सूट देऊन माणसाला अडवायचं, ही रीत याच मातीतली आहे. त्या मातीतल्या मुसलमानाने तरी आपल्या तहारतचे नियम दुसऱ्याला अडवण्यासाठी वापरायला देऊ नयेत. फत्तेखानाच्या बाजूला उभं राहायचं की शुद्धीकरण करणाऱ्यांच्या, एवढाच सवाल आहे.

यावर मला उत्तर मिळेल ते माहीत आहे. कुत्र्यांचं कौतुक पुरे, मोहल्ल्यात पोरांना कुत्रे चावतात त्याचं काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो धर्माचा नाही. आमच्या वस्त्यांत कचऱ्याची गाडी नेमाने येत नाही, खाटीकखान्याची आणि चिकनच्या दुकानांची घाण उघड्यावर पडते, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात. पहाटे फजरला निघालेला म्हातारा आणि मदरशाला निघालेली पोरगी त्यांच्या तावडीत सापडते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. उच्चभ्रू वस्तीतल्या प्राणिप्रेमींनी या भीतीला मागासपणा म्हणू नये. त्यांच्या गल्लीत रात्री पहारेकरी असतो.

सर्वोच्च न्यायालयात 2025 मध्ये काय झालं ते आपण पाहिलं. 11 ऑगस्टला दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं. नसबंदी करा, लस द्या, पिसाळलेले आणि आक्रमक सोडून बाकीचे जिथून उचलले तिथेच परत सोडा, खायला घालायच्या जागा ठरवून द्या. 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून कुत्रे हलवायचा आदेश आला. टीव्हीवर तीन महिने दोन फळ्या एकमेकींवर भुंकत होत्या. शेजारच्या गोव्यात मात्र 2013-14 पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचायचं काम चाललं, घरोघर आणि शाळाशाळांत माहिती दिली गेली, आणि 2017 नंतर काही वर्षं तिथे माणूस रेबीजने दगावल्याची नोंद झाली नाही. 2021 मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीजनियंत्रित जाहीर केलं. गोव्याच्या किनाऱ्यांवर कुत्रे आजही भरपूर आहेत, पर्यटकांना चावतातही, ते प्रश्न संपलेले नाहीत. पण मरण थांबलं ते लसीने. बंदीच्या पाटीने थांबलं नाही. ज्याला मोहल्ल्यातल्या पोरांची काळजी आहे त्याने पालिकेकडे लस, नसबंदी आणि कचऱ्याची गाडी मागावी. पट्ट्याला बांधलेला, लस टोचलेला, परवाना असलेला कुत्रा बागेतून हाकलून त्या पोरांचं काहीच भलं होत नाही.

बंदी कुठेच नको, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी ती हवी आणि कडक हवी. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे हिवाळ्यात पुळणीवर येऊन अंडी घालतात. 2002 पासून तिथे संवर्धनाचं काम चाललंय, गावकरी अंडी गोळा करून जाळीच्या कुंपणात ठेवतात, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. अंड्यांचे शत्रू कोण? माणूस, कोल्हा आणि कुत्रा. आंजर्ले, गुहागर, सगळीकडे हेच. अशा पुळणींवर नोव्हेंबर ते मे कुत्रा नेऊच नये. शेरूला मी तिथे नेत नाही. थंडीत परदेशातून आलेले चिखले, तुतवार, कुरव ओहोटीच्या रेषेवर दाणा टिपत असतात. मोकळा सुटलेला कुत्रा दिवसातून दहादा त्यांना उडवतो. हजारो मैल उडून आलेल्या पाखराला ती दमणूक परवडत नाही. याच किनाऱ्यावर, किहीमला, सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला. एका मुसलमानाने कोकणच्या किनाऱ्याकडे कसं बघावं याचा नमुना मला विचाराल तर तो माणूस आहे. त्याने नापाक काय आहे ते शोधलं नाही, तो तासन् तास बसून राहिला आणि बघत राहिला.

म्हणजे माझं मागणं काय? लिहिलेला नियम. किनारा कोणाच्या बापाचा नाही. समुद्रकिनारा, नद्या, हवा या गोष्टी सरकारकडे फक्त विश्वस्त म्हणून आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात सांगून जवळजवळ तीस वर्षं होत आली. मग विश्वस्ताने पाटी लावावी. विलायतेत कितीतरी समुद्रकिनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर, गर्दीच्या दिवसांत, कुत्र्यांना मनाई असते आणि थंडीत मोकळीक. काही ठिकाणी फक्त दिवसाच्या मधल्या तासांत मनाई. किती वाजता, कुठपासून कुठपर्यंत, घाण न उचलल्यास किती दंड, सगळं पाटीवर. अमेरिकेत सान डिएगोने 1972 पासून किनाऱ्याचा एक तुकडाच कुत्र्यांना देऊन टाकला आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपरिषद, मेरीटाइम बोर्ड, जिल्हाधिकारी यांतल्या कोणीही एक कागद काढावा. सकाळी आठपर्यंत कुत्रे आणा. पट्टा हवा, लसीचं कार्ड खिशात हवं, पिशवी हातात हवी. मासळी वाळवायच्या जागेजवळ आणि होड्या लागतात तिथे नको. कासवांच्या हंगामात अमुक पुळणी बंद. नियम मोडला तर दंड, मग गाडी कितीही मोठी असो. असा कागद असेल तर मला कोणी कुठून आलात विचारणार नाही आणि मी कोणाची मेहेरबानी मागणार नाही.

काही मित्र म्हणतात, पोरांना खेळायला बागा नाहीत, तुला कुत्र्यांची पडलीय. मुंब्र्यात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. मुंबई त्याच्या आसपासही नाही, आणि आमच्या वस्त्या मुंबईच्याही मागे. पण ती जागा शेरूने खाल्लेली नाही. ती कोणत्या आरक्षणातून कोणाच्या टॉवरखाली गेली त्याची यादी पालिकेच्या विकास आराखड्यात बघायला मिळते. तिकडे बोट दाखवायची हिंमत नाही म्हणून कुत्र्याकडे बोट दाखवायचं, यात शौर्य नाही. शिवाय जी बाग सकाळी सहा ते आठ रिकामी असते ती दोन तास कुत्रेवाल्यांना दिली तर पोरांचं काय जातं? पोरं तेव्हा झोपलेली असतात.

संकुलाच्या कमिटीला मी दुसरं पत्र दिलं आहे. त्यावर अकरा जणांच्या सह्या आहेत, त्यात सात मुसलमान. त्यातल्या एक खाला कुत्र्याला इतक्या घाबरतात की शेरू जिन्यात दिसला तर वर पळतात. सही करताना त्यांनी एकच अट घातली. संध्याकाळी पाच ते सात त्या बाकावर बसतात, तेव्हा कुत्रा नको. अट पत्रात घातली आहे. सोबत मागणी केली आहे की, बंदी ठेवायची असेल तर ठेवा, पण नोटिशीतलं आमचं नाव काढा आणि घाण न उचलणाऱ्यांची नावं घाला. पुढच्या सभेची तारीख अजून लागलेली नाही.